सांडपाणी प्रक्रिया केंद्राची कार्यक्षमता : शेताच्या बाजूने

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार देशाच्या नागरी भागात दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. उभारलेल्या प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी २६,८६९ दशलक्ष लिटर क्षमता चालू स्थितीत होती. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती सुमारे २०,२०० दशलक्ष लिटरवर. नव्या केंद्रांची गरज आहेच, परंतु उभारलेल्या क्षमतेपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग वापराविना राहतो, ही बाब तितकीच गंभीर आहे. शहराच्या कडेला भाजीपाला, चारा व गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यास याचा थेट फटका बसतो. नाल्यातून येणारे पाणी पूर्ण प्रक्रिया झालेले, अर्धवट झालेले की मुळीच न झालेले, हे त्यास सहसा कळत नाही.

बहुसंख्य मोठ्या केंद्रांत सक्रिय गाळ पद्धती किंवा तिचा एखादा प्रकार वापरला जातो. टाकीतील जिवाणू सेंद्रिय घाण खातात, त्यांना हवा पुरविली जाते आणि पुढील टाकीत जिवाणूंचा गाळ खाली बसून निवळ पाणी वरून बाहेर पडते. अशा केंद्राच्या वीजखर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग केवळ हवा पुरविण्यावर होतो. म्हणून कार्यक्षमतेचा विचार येथूनच सुरू करावा लागतो. जिवाणूंच्या कामासाठी पाण्यात लिटरमागे साधारण २ मि.ग्रॅ. विरघळलेला प्राणवायू पुरेसा असतो. तथापि 'जास्त हवा म्हणजे जास्त शुद्धी' या समजुतीने तो अनेकदा ४ मि.ग्रॅ.पर्यंत नेला जातो. ३० अंश सेल्सिअस तापमानास पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मि.ग्रॅ.च प्राणवायू विरघळू शकतो आणि हवेतून पाण्यात तो शिरण्याचा वेग या कमाल पातळीपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. पातळी २ असताना हे अंतर ५.५ असते, ४ असताना ३.५. म्हणजे तेवढाच प्राणवायू पाण्यात उतरविण्यासाठी सुमारे दीडपट हवा फुंकावी लागते आणि शुद्धीत मात्र फारसा फरक पडत नाही. प्राणवायूमापक बसवून त्यानुसार हवेचा पुरवठा कमीजास्त करणे, रात्री आवक घटली की पुरवठाही घटविणे आणि बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तबकड्या वेळेवर स्वच्छ करणे, या तीन गोष्टींनी नवे बांधकाम न करता वीज वाचते. उलट प्राणवायू फार कमी पडल्यास तंतुमय जिवाणू वाढून गाळ फुगतो, खाली बसत नाही आणि पाण्याबरोबर थेट शेतात येतो.

गाळाची ही अवस्था ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हवा देणाऱ्या टाकीतील एक लिटर मिश्रण मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवावे. लिटरमागे ३ ग्रॅम गाळ असलेले मिश्रण ३०० मि.लि.पर्यंत बसले, तर एका ग्रॅमला १०० मि.लि. असा निर्देशांक येतो. तो उत्तम होय. १५० च्या वर गेला की काळजी घ्यावी. केंद्रास भेट देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने ही चाचणी आपल्यासमोर करावयास सांगावी; छापील अहवालापेक्षा ती पुष्कळ काही सांगून जाते.

येथपर्यंत केंद्राचे आणि शेताचे हित एकच आहे. नत्राच्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. अमोनियाच्या रूपातील १ किलो नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्यास ४.५७ किलो प्राणवायू लागतो. नदीत पाणी सोडावयाचे असेल, तर हा खर्च टाळता येत नाही. परंतु तेच पाणी शेतास द्यावयाचे असेल, तर जो घटक शेतकरी युरियाच्या रूपाने विकत घेतो, तोच नष्ट करण्यासाठी केंद्र वीज जाळत असते. हिशेब सोपा आहे. पाण्यात लिटरमागे २० मि.ग्रॅ. नत्र असल्यास ५ सें.मी. खोलीच्या एका पाळीतून हेक्टरी १० किलो नत्र मिळते. गव्हाच्या सहा पाळ्यांतून ६० किलो. हे गृहीत न धरता खताची पूर्ण मात्रा दिली, तर पीक माजते, लोळते आणि उरलेले नायट्रेट भूजलात उतरते. अडचण एवढीच की पावसाळ्यात शेतास पाणी नको असते, केंद्र मात्र चालूच असते. त्यामुळे नत्र काढण्याची सोय केंद्रात असली पाहिजे. ती बाराही महिने पूर्ण जोराने चालविण्याची गरज आहे का, हा खरा प्रश्न होय.

रोगजंतूंबाबत अशी सवलत नाही. सेंद्रिय भार दाखविणारा बीओडी हा आकडा जंतूंविषयी काहीच सांगत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांत नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे ३० मि.ग्रॅ., तर जमिनीवर सिंचनासाठी १०० मि.ग्रॅ. आहे. जमीन सेंद्रिय भार पचवू शकते, हे त्यामागील तत्त्व योग्यच. परंतु कोथिंबीर किंवा मुळा खाणाऱ्या माणसास त्याचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी पाण्यात लिटरमागे कृमींचे एकाहून अधिक अंडे नसावे आणि १०० मि.लि.मध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १,००० हून अधिक नसावेत. कृमींची अंडी क्लोरिनला दाद देत नाहीत. ती बसू द्यावी लागतात किंवा गाळून काढावी लागतात. क्लोरिनचाही बराच भाग अमोनिया अडवितो. म्हणून नत्र राखलेले पाणी पालेभाज्यांस देऊ नये. चारा, ऊस, गहू किंवा वृक्षशेतीस द्यावे आणि काढणीपूर्वी काही दिवस सिंचन थांबवावे.

धातूंचा हिशेब वर्षांनी कळतो. दिल्लीच्या पश्चिमेस केशोपूर केंद्राचे पाणी १९७९ पासून शेतीस दिले जाई. तेथे दोन दशकांनंतर झालेल्या अभ्यासात मातीतील सेंद्रिय कर्ब ३८ ते ७९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्याचबरोबर शेजारच्या विंधन विहिरीच्या पाण्यावरील जमिनींपेक्षा उपलब्ध जस्त २०८ टक्के, तांबे १७० टक्के, निकेल ६३ टक्के व शिसे २९ टक्के अधिक होते. पिकांतील प्रमाण वनस्पतींस विषारी ठरण्याच्या पातळीखाली होते, ही दिलाशाची बाब. पण साठा वाढतच होता. केंद्र जितके चांगले चालेल, तितके धातू पाण्यातून गाळात जातात. त्यामुळे गाळखत परीक्षणाविना घेऊ नये. विरघळलेले क्षार तर कोणतेही जैविक केंद्र काढत नाही. पाण्याची विद्युत वाहकता स्वतंत्रपणे मोजावीच लागते.

लहान गावांस हवा फुंकणारी यंत्रे परवडत नाहीत. वीज गेली की ती बंद पडतात. त्यांच्यासाठी नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पाणथळ पद्धतीचे केंद्र पाहण्यासारखे आहे. लगतच्या कृषिकुंज वसाहतीचे सांडपाणी खडीच्या थरांतून आणि पाणकणसाच्या मुळांतून संथपणे वाहते. १.४२ हेक्टर क्षेत्रावर दररोज २२ लाख लिटर पाण्यावर प्रक्रिया होते आणि ते संस्थेच्या प्रक्षेत्रास दिले जाते. गढूळपणा सुमारे ९९ टक्के व बीओडी ८७ टक्के घटल्याची नोंद आहे. दरडोई ५५ लिटर पाणीपुरवठा असलेल्या साडेचार हजार वस्तीच्या गावात त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी होते असे धरल्यास दररोज सुमारे दोन लाख लिटर होतात. याच प्रमाणात साधारण १३ गुंठे जागा लागेल. कमी पाणी वापरणाऱ्या गावाचे सांडपाणी दाट असते, म्हणून जागा थोडी अधिकच धरावी. आणि आधी गाळ बसविण्याची टाकी मात्र हवीच. ती वगळली, किंवा तिच्यातील गाळ उपसला नाही, तर खडी तुंबते आणि पाणी वरच्यावर वाहून जाते. पाणकणीस वेळोवेळी कापून बाहेर काढण्याचे काम कोणाचे, हे ग्रामपंचायतीने बांधकामापूर्वीच ठरवून घ्यावे.