अरबी भूगोलग्रंथांतील कोंकणचा किनारा

नकाशा तयार छापलेला हातीं येतो, तेव्हां तो काढणारास एवढी माहिती मिळाली कोठून, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. ज्या कोंकणांत आमचें सावर्डें आहे, त्याच्या किनाऱ्याचें वर्णन नवव्या ते बाराव्या शतकांतील अरबी भूगोलग्रंथांत आढळतें. तें कसें जमलें, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या ग्रंथांत सिंदान, सुबारा, ताना, सैमूर अशीं बंदरांचीं नांवें येतात. प्रथमदर्शनीं तीं परकीं वाटतात. परंतु अरबी भाषेंत ‘प’ व ‘च’ हे वर्ण नाहींत, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे उलगडा होतो. सोपाऱ्याचें सुबारा झालें. चौलास जुन्या लेखांत ‘चेमूल’ म्हटलें आहे, त्याचें सैमूर झालें. सिंदान म्हणजे संजाण आणि ताना म्हणजे अर्थात् ठाणें. ह्या प्रदेशाचा सम्राट् ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज ही पदवी धारण करणारा राष्ट्रकूट राजा होय.

माहिती देणारे बहुतेक नाखवे व व्यापारी असत. त्यांचें माप कोसांचें नसून दिवसांचें होतें. दहाव्या शतकांतील इस्तखरी लिहितो कीं, सिंदानाहून सैमूर पांच दिवसांवर आणि सैमूराहून सरंदीब, म्हणजे सिंहलद्वीप, पंधरा दिवसांवर आहे.

ऐकीव माहितीवर ज्याचें समाधान झालें नाहीं, असा पुरुष म्हणजे बगदादचा अल्-मसूदी. हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६-१७ त, तो स्वतः चौलास आला. तेथें शिलाहार राजा झंझ ह्याचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सुमारें दहा हजार मुसलमान तेथें राहत असून, त्यांचे तंटे तोडण्यास राजानें त्यांच्यांतीलच एक प्रमुख नेमिला होता, असें तो लिहितो. सिंधु नदींत मगरी आहेत, म्हणून ती नाईल नदीचाच फांटा असावी, असें जाहिज नांवाच्या मोठ्या पंडितानें लिहून ठेविलें होतें. प्रवास न करितां लिहिल्याचा हा परिणाम, असा मसूदीनें त्यावर ठपका ठेविला आहे. आम्हांस तो योग्यच वाटतो.

मसूदीच्या वर्णनास बळकटी देणारा पुरावा आपल्याकडेच सांपडला आहे. पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटांत, राष्ट्रकूटांनीं संजाणचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिकाकडे सोंपविल्याचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति हें महंमद ह्या नांवाचें संस्कृत रूप. त्यानें नदी उतरण्यास फुकट तरी ठेविल्या आणि भात, कालवण व तूप देणारें अन्नछत्र घातलें!

अल्-इद्रिसी ह्यानें मात्र आपला भूगोल इ. स. ११५४ मध्यें सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर ह्याच्या आश्रयानें पुरा केला. त्यानें जगाचा नकाशा सत्तर भागांत काढिला व त्यांत दक्षिण दिशा वर ठेविली. ठाण्याच्या डोंगरांतील कळक व वंशलोचन ह्यांची त्यास खबर होती. पण टॉलेमीपासून चालत आलेली चूक त्याच्याही नकाशांत राहिली. हिंदुस्थानचें दक्षिणेकडील टोंक त्यांत जवळजवळ नाहींच, आणि सिंहलद्वीप मात्र अवाढव्य!

नाखव्यांचें ज्ञान ह्यापुढें गेलें. पंधराव्या शतकांत आपल्या वासिष्ठीच्या मुखावरील दाभोळास अरबस्तानांतून घोडे येत. त्याच शतकांतील अहमद इब्न माजिद ह्या नाखव्याच्या ग्रंथांत ताऱ्यांची उंची ‘बोटां’नीं मोजिली आहे. ह्या कामीं ‘कमाल’ नांवाचें साधन वापरीत. चौकोनी फळीच्या मध्यांतून गांठींची दोरी ओंवलेली असे. दोरी दांतांत धरून फळी पुढें धरावयाची; फळीची खालची कड क्षितिजास व वरची ध्रुवास टेंकली म्हणजे दांतांशीं आलेल्या गांठीवरून ध्रुवाची उंची कळे. उत्तरेस जावें तसा ध्रुव वर चढतो. इष्ट बंदराची गांठ जुळली कीं नाखवा गलबत पूर्वेकडे वळवी.