पैशा-पैशाची काच

आमच्या खडकीच्या घरात आजीच्या फळीवर एक पेला होता. रंग नारिंगी, पण नुसतं नारिंगी म्हणून भागायचं नाही. खिडकीकडे धरला की त्यावर जांभळी झाक यायची, जरा कलता केला की हिरवी, आणखी कलता केला की मोरपंखी. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की कसं दिसतं? अगदी तसं. आजी त्यातून कुणाला पाणी द्यायची नाही. तो बघायचा पेला होता.

त्यावर द्राक्षाच्या वेलीची नक्षी होती आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत बारीक रेघ, नखाला जेमतेम लागेल एवढी. मला वाटायचं, तडा गेलाय. पण तो तडा नव्हता. वितळून मधासारखी झालेली काच लोखंडी साच्यात घालतात आणि वरून दट्ट्याने दाबतात. साचा दोन-तीन भागांचा असतो. अखंड असता तर नक्षीचा पेला बाहेर काढणार कसा? ते भाग जिथे जुळतात, तिथल्या फटीत काच किंचित शिरते. तीच ही रेघ. गणपतीत साच्यातून काढलेला मोदक नीट बघा. त्याच्याही अंगावर अशी रेघ असते.

आता त्या मोरपंखी झाकेचं गुपित. पेला गरम असतानाच त्यावर कथलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांचा फवारा मारतात. काचेवर एक पापुद्रा चढतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. काही उजेड पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून परततो, काही आतल्या बाजूवरून. परतताना दोघांची गाठ पडते, त्यात काही रंग एकमेकांना खोडतात आणि काही उठून दिसतात. पेला कलता केला की उजेडाची वाट बदलते, म्हणून रंगही बदलतो. साबणाच्या फुग्याची जादू हीच. अमेरिकेत फेंटन नावाच्या कारखान्याने 1907 मध्ये असली काच विकायला काढली. पुढे ती जत्रांमध्ये बक्षीस म्हणून मिळू लागली, म्हणून तिला ‘कार्निव्हल ग्लास’ म्हणतात. आपल्याकडे फिरोजाबादच्या कारखान्यांनी असले पेले आणि फुलदाण्या केल्या. आजीचा पेला कुठला, कोण जाणे. तळाशी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पण काचेची आपल्या जवळची गोष्ट ऐकायची तर खडकी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडा आणि स्टेशनं मोजा. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी... नववं तळेगाव. उतरा!

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे चांगली काच बहुतेक परदेशातूनच यायची. वाड्यांमधल्या हंड्या-झुंबरं, कंदिलाच्या काचा, बायकांच्या हातातल्या कितीतरी बांगड्यासुद्धा. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांना ते खुपलं. त्यांनी एक सोपी युक्ती काढली : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी कारखाना काढायचा. नाव ठेवलं पैसाफंड. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होत. म्हणजे एका रुपयासाठी 64 माणसांपुढे हात पसरायचा! हजार रुपयांसाठी किती, ते तुम्ही करा. काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि 1908 मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी सरकारने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावून मंडालेला धाडलं.

पैसे जमले, पण काच करायला येतेय कुणाला? उत्तरेकडचे ईश्वरदास वार्ष्णेय ही विद्या जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आले होते. त्यांनी तळेगावात भट्टी पेटवली आणि पोरांना शिकवलं. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे 1700 अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा घातला की ती बऱ्याच कमी आचेवर वितळते, पण सोडा जास्त झाला तर काच पाण्यात विरघळू लागते. म्हणून चुना. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट होते. खिडकीच्या काचेची कड बघा, हिरवी दिसेल. कोबाल्ट चिमूटभर पडलं की गडद निळी.

आणि फुंकणी! चुलीजवळची असते तशीच, पण माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी लांब. तिच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि फिरवत फिरवत फुंकर मारायची. फिरवायचं थांबलात की गोळा एका बाजूला लोंबलाच. मला विचाराल तर साच्यापेक्षा खरं कसब इथे आहे. तळेगावात हे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. वार्ष्णेयांनी उत्तरेत बहजोईला कारखाना काढला. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला, ज्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तुमच्या पणजीला नक्की आठवत असेल. त्या गावाला आजही ओगलेवाडी म्हणतात.

आजीच्या पेल्याचं काय झालं? मी दहा वर्षांचा असताना त्यात उकळता चहा ओतला. टिच्! काचेतून उष्णता हळूहळू जाते. आतली बाजू झटकन फुगते, बाहेरची थंडच असते, आणि त्या ओढाताणीत काच फुटते. काच जितकी जाड, तितका धोका जास्त. कारखान्यातही नवा पेला एकदम थंड हवेत ठेवत नाहीत. वेगळ्या भट्टीत तासन्‌तास सावकाश गार करतात. आजी काही बोलली नाही, तुकडे वेचत राहिली. त्यातला एक अजून माझ्याकडे आहे. उन्हात धरला की मोरपंखी दिसतो.

तुमच्या घरी असा जुना पेला किंवा हंडी असेल तर रेघ शोधा, कलती करून बघा. फक्त फळीवरून काढण्याआधी आजीला विचारा, आणि चहा दुसऱ्या कपात घ्या.