अणुभट्टीचे नियंत्रण : गुणाकाराचे गणित

तारापूरची वीज महाराष्ट्राला १९६९ सालापासून परिचित आहे. ती निर्माण करणारी अणुभट्टी आटोक्यात कशी ठेवली जाते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. या प्रश्नाचा विचार गणिताच्या ज्या शाखेत होतो, तिला ‘द्विरेषीय प्रणालींचे नियंत्रण’ असे भारदस्त नाव आहे. नाव अवघड असले तरी मूळ कल्पना कोणत्याही बचत खातेदाराला समजण्याजोगी आहे.

खात्यात शंभर रुपये भरले, तर आधीची शिल्लक कितीही असो, भर शंभराचीच पडते. व्याजाचा दर वाढविला तर होणारी वाढ शिलकीवर अवलंबून राहते : लाखावर ती मोठी, शंभरावर क्षुल्लक आणि रिकाम्या खात्यावर शून्य. पहिले नियंत्रण बेरजेचे, दुसरे गुणाकाराचे. नियंत्रण आणि प्रणालीची तत्कालीन स्थिती यांचा जेथे असा गुणाकार होतो, ती प्रणाली द्विरेषीय होय.

अणुभट्टी याच जातीची आहे. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक कांड्या आतबाहेर सरकविल्या म्हणजे न्यूट्रॉनांच्या वाढीचा दर बदलतो. प्रत्यक्ष वाढ किती, हे त्या क्षणी आत असलेल्या न्यूट्रॉनांवर ठरते. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच! म्हणून भट्टी सुरू करण्यास न्यूट्रॉनांचे काही बीज लागतेच, आणि नव्या भट्टीत त्यासाठी सामान्यतः स्वतंत्र स्रोत ठेवतात. उलटपक्षी, गुणाकार बेफाम होऊ नये यासाठी निसर्गानेच एक सवलत दिलेली आहे. युरेनियम-२३५ च्या विखंडनातून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी हजारी सुमारे साडेसहा न्यूट्रॉन काही क्षण उशिरा बाहेर पडतात. या मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळेच कांड्या हलविण्यास अवधी मिळतो.

मर्यादित नियंत्रण वापरून प्रणालीला एका स्थितीतून इच्छित स्थितीत नेता येणे, यास नियंत्रणक्षमता म्हणतात. ती गृहीत धरता येत नाही, हे अमेरिकेतील हॅनफर्ड येथील भट्टीने सप्टेंबर १९४४ मध्ये दाखवून दिले. सुरू झाल्यावर काही तासांतच तिची शक्ती आपोआप घटू लागली. भट्टी विझली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालण्याजोगी झाली. दोष झेनॉन-१३५ या वायूचा होता. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६.६ तास. त्याचे रूपांतर झेनॉनमध्ये होते, आणि झेनॉन न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. भट्टी चालू असता न्यूट्रॉनांच्या माऱ्याने तो नष्टही होत राहतो. ती एकदम बंद केली की मारा थांबतो, पण साठलेले आयोडीन झेनॉन पुरवीतच राहते. प्रखर भट्टीत झेनॉनचे प्रमाण सुमारे दहा-अकरा तासांनी कळसाला पोहोचते आणि त्या काळात ती पुन्हा सुरू करणे अशक्य होऊ शकते.

तेव्हा सर्वांत जलद बंद करणे हे नेहमीच सर्वांत चांगले बंद करणे ठरत नाही. (संकटकाळाची गोष्ट अर्थातच वेगळी.) येथेच इष्टतम नियंत्रणाचा प्रश्न उद्भवतो : शक्ती कोणत्या क्रमाने कमी केली असता झेनॉनचा कळस खाली राहील? रशियन गणिती पोंट्रियागिन यांच्या महत्तम तत्त्वाने मिळणारे उत्तर काहीसे चमत्कारिक आहे. भट्टी बंद करावी, मग थोडा वेळ पूर्ण शक्तीने चालवून झेनॉन जाळावा, पुन्हा बंद करावी. मधल्या पायऱ्या बहुधा नाहीत. गणिताने ठरवायचे ते बदलाचे क्षण. यंत्रसामग्रीला असे हिसके मानवत नाहीत, म्हणून व्यवहारात या उत्तराला मुरड घालावी लागते.

चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या अपघातात भट्टीच्या रचनेतील दोष मोठे होते. परंतु त्यापूर्वी शक्ती फार घसरून झेनॉन साचला होता, आणि ती वर आणण्यासाठी बहुसंख्य कांड्या बाहेर ओढण्यात आल्या होत्या. लगामच हातात उरला नव्हता.

तारापूर येथे २००५ व २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांत झेनॉनचा आणखी एक खोडसाळपणा सांभाळावा लागतो. भट्टी मोठी असल्याने एका भागात झेनॉन वाढून शक्ती घटते, तर दुसऱ्या भागात ती वाढते, आणि काही तासांनी चित्र उलटते. एकूण वीज तेवढीच दिसते, पण इंधनाचा एखादा भाग अतितप्त होण्याचा धोका असतो. म्हणून या भट्ट्यांच्या गाभ्यात साध्या पाण्याचे चौदा कप्पे बसविलेले आहेत. साधे पाणी न्यूट्रॉन शोषते. प्रत्येक कप्प्यातील पातळी स्वतंत्रपणे वरखाली करून त्या त्या भागातील गुणाकार आवरला जातो.