झिलाचो वाटो

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळचे 8 वाजतायत. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, दोन्ही दोर किनाऱ्याला लागलेत आणि दोन्ही बाजूंना माणसं वाळूत पाय रोवून ओढतायत. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर ऊन चढतंय. जाळं जवळ येतं, पाणी चमकायला लागतं. "बांगडो!" कुणीतरी ओरडतो आणि हात दुप्पट जोराने चालतात.

मासळी वाळूवर येते आणि वाटे पडायला लागतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. आज मात्र म्होरक्या सगळ्यांत आधी एक टोपली काठोकाठ भरून बाजूला ठेवतो. ती ज्याची, तो 17 वर्षांचा मुलगा मागच्या वर्षी याच दिवशी गेला.

"झिलाचो वाटो पयलो," त्याची आई म्हणते आणि टोपलीजवळ उभी राहते.

त्याची मांडी दुखायची, ती दोर ओढून दुखते असंच घरात वाटलं होतं. मग कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळचं टाटा मेमोरियल. तिथे आजाराचं नाव कळलं: युइंग सार्कोमा. 1921 साली जेम्स युइंग या अमेरिकी डॉक्टरने वर्णन केलेला, मुख्यतः मुलांना आणि तरुणांना होणारा हाडाचा कर्करोग. बहुतेक रुग्णांत 11 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्या जोडणीतून रोग उभा राहतो. मूळ इतकं नेमकं सापडलंय, तरी त्या मुळावरच घाव घालणारं औषध अजून रुग्णांच्या हाती आलेलं नाही.

का, ते त्याची बहीण किनाऱ्यावर जमलेल्या बायकांना समजावतेय. असे रुग्ण थोडे. एका रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीपुरतेही जमत नाहीत. औषध कंपन्यांना बाजार छोटा दिसतो. म्हणून देशोदेशीच्या रुग्णालयांनी नमुने आणि नोंदी एकत्र आणाव्या लागतात, आणि त्याला पैसा लागतो. "ह्यां रापणीसारख्या आसा," ती म्हणते. "एकट्यान दोर ओढूक जमणा नाय."

त्या टोपलीचा लिलाव सुरू होतो. एरवी घासाघीस करणाऱ्या मासेविक्रेत्या बायका आज एकमेकींवर बोली चढवतायत. घेतलेली टोपली एकजण तिथेच परत ठेवते: "परत इका." टोपली पुन्हा विकली जाते. बहीण वहीत आकडे मांडते. धनादेश टाटा मेमोरियलच्या नावाने जाणार, सोबतच्या पत्रात एकच विनंती: संशोधनासाठी.

ते रुग्णालयही अशाच दुःखाशी जोडलेलं आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. 1932 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी त्याच आजाराच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. तो आजही जगभरच्या संशोधकांना मदत करतो. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने 1941 मध्ये परळचं रुग्णालय उभं केलं. त्या संपत्तीपुढे ही टोपली लहान आहे. पण उपचाराचा पैसा आपल्या माणसासाठी जातो, संशोधनाचा पैसा कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी. तो देताना श्रीमंत आणि गरीब सारखेच मोठे होतात.

"ह्येच्यान काय होतला?" एक म्हातारा हळूच विचारतो.

आई त्याच्याकडे वळते. "माझो गेलो. दुसऱ्याचो झील तरी रवांदे."

म्होरक्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, दर हंगामात एका रापणीचा पहिला वाटा आता त्या मुलाच्या नावाने निघेल. शेजारच्या रापणीचे दोघे पुढे येतात आणि आपल्याही रापणीचा वाटा वहीत लिहायला सांगतात.