हवेतला पारा उतरवला कुणी?

मध्यंतरी एक बातमी बऱ्याच ठिकाणी छापून आली. एव्हरेस्टच्या उतारांवर अँड्रोसेस टॅपीट नावाची एक वनस्पती जमिनीला चिकटून, गच्च गड्डा करून वाढते. तिची जुनी पानं गळून पडत नाहीत. नव्या पानांचा थर आदल्या वर्षीच्या थरावर बसतो. संशोधकांनी हे थर सोडवले, त्यांतला पारा मोजला आणि १९८२ पासून २०२० पर्यंतच्या हवेचा अंदाज बांधला. २००० नंतरच्या वीस वर्षांत हवेतला पारा जवळपास ७० टक्क्यांनी घटला, असा निष्कर्ष निघाला. बातम्यांत त्याचं श्रेय गेलं पाऱ्याला आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला.

कल्पना सुरेखच आहे. पण श्रेयवाटपापाशी थोडं थांबायला हवं. मिनामाता करार मंजूर झाला ऑक्टोबर २०१३ मध्ये, अमलात आला ऑगस्ट २०१७ मध्ये आणि भारताने त्यावर शिक्कामोर्तब केलं २०१८ मध्ये. घट जर २००० पासूनची असेल, तर हा करार जन्माआधीच कामाला लागला होता असं म्हणावं लागेल. शिवाय तो ७० चा आकडा. उत्तर गोलार्धातल्या वेधशाळांतली यंत्रं २००५ ते २०२० या काळातली घट सुमारे १० टक्के दाखवतात. एका डोंगरावरची एक वनस्पती साऱ्या जगाच्या हवेच्या वतीने बोलते असं मानायला मी तरी तयार नाही.

निसर्गाच्या अशा देखण्या वह्या वाचताना याआधीही गडबड झाली आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या अप्पर फ्रेमाँट हिमनदीतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात २७० वर्षांचा पारा साठलेला आहे, असा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या आलेखावर तांबोरा (१८१५), क्राकाटोआ (१८८३), सेंट हेलेन्स (१९८०) हे ज्वालामुखी सुळक्यांसारखे उभे होते. कुणालाही भुरळ पडावी असं चित्र! कितीतरी व्याख्यानांत ते दाखवलं गेलं. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गटाने झाडांच्या वर्षवलयांशी ताडून त्याच बर्फाचं वय नव्याने काढलं. थरांची सालं सरकली आणि ज्वालामुखींशी घातलेली ती सांगड डळमळीत झाली.

म्हणून थेट हवाच मोजलेली बरी. पण मोजायचं तरी किती? उत्तर गोलार्धातल्या स्वच्छ हवेच्या एका घनमीटरात सुमारे दीड नॅनोग्रॅम पारा असतो, दक्षिणेत एकाच्या आसपास. घनमीटरभर हवेचं वजन सव्वा किलोच्या आगेमागे, म्हणजे हे प्रमाण ढोबळमानाने एक लाख कोटी भागांत एक भाग. साऱ्या वातावरणातला पारा मिळून सुमारे ४,४०० टन भरतो. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे हा सगळा ऐवज द्रवरूपात गोळा केला तर सात मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत मावेल आणि वर थोडी जागाही उरेल. एवढ्याशा पाऱ्याच्या वर्षाकाठी एक-दोन टक्क्यांच्या चढउतारावर शास्त्रज्ञ तीस-चाळीस वर्षं भांडत आहेत.

इतका विरळ पारा पकडायला हवा सोन्यावरून ओढतात. पारा सोन्याला चिकटतो. मग सोनं तापवलं की तो वाफ होऊन सुटतो आणि अतिनील प्रकाशात त्याची चमक मोजता येते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मेस हेड, कॅनडाच्या उत्तर टोकाचं अलर्ट, दक्षिण आफ्रिकेतलं केप पॉइंट या ठिकाणी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अशी मोजणी चालू आहे.

त्याआधीचं जे काही आपल्याला माहीत आहे, त्यातलं बरंचसं एका माणसाच्या चिकाटीमुळे. फ्रान्झ स्लेमर हे जर्मनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ. १९७७ पासून अटलांटिक महासागर उत्तर-दक्षिण ओलांडणाऱ्या जहाजांवर त्यांनी हवेचे नमुने घेतले, पुन्हा काही वर्षांनी घेतले, पुन्हा घेतले. १९९२ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये मांडलं की १९७७ ते १९९० या काळात उत्तर गोलार्धातला पारा दर वर्षी सुमारे दीड टक्क्याने आणि दक्षिणेतला त्याहून थोड्या कमी वेगाने वाढला. पुढे उलटी गोष्ट सांगणाऱ्यांतही तेच पुढे होते: १९९६ ते २००९ या दरम्यान जगभरच्या हवेतला पारा २० ते ३८ टक्क्यांनी उतरला. एवढ्यावर न थांबता ते फ्रँकफर्टहून उडणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या पोटात उपकरणं बसवणाऱ्या प्रकल्पातही होते. त्या विमानाने चेन्नईच्या वाटेवरची हवासुद्धा तपासली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वाढ दाखवणारा कीलिंग वक्र आज शाळेच्या पुस्तकात सापडतो. स्लेमर यांचं नाव मात्र पाऱ्यावर काम करणाऱ्यांच्या बाहेर कुणाला ठाऊक नाही. कीलिंगचा वक्र वरच जात राहिला आणि पाऱ्याचा वर जाऊन खाली आला, एवढ्यामुळेच असं झालं असेल का?

खाली आलेल्या या आलेखाने सगळ्यांना पेचात टाकलं. कारण कारखाने, कोळसा, खाणी यांची बेरीज करून काढलेला कागदावरचा हिशेब म्हणत होता की जगाचं पारा-उत्सर्जन कमी झालेलं नाही, उलट वाढतंय. हवा एक सांगते, हिशेबाची वही दुसरंच सांगते.

एक स्पष्टीकरण जुन्या साठ्याचं. आज हवेत चढणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ६० टक्के पारा नव्याने सोडलेला नसतोच. पूर्वी कधीतरी माती-समुद्रात मुरलेला पारा पुन्हा वर येतो. कोकणातल्या घराचं छप्पर शाकारलं तरी भिंतीत मुरलेली ओल महिनोन्‌महिने बाहेर येत राहते, तसं. मग उत्तर अटलांटिकची ‘ओल’ कमी झाल्यामुळे हवेतला पारा उतरला असेल, असं काहींनी सुचवलं. दुसरा संशय वनस्पतींवर. पानं रंध्रांतून पारा घेतात, म्हणून उत्तर गोलार्धात उन्हाळ्याच्या अखेरीस तो कमी होतो, अगदी कार्बन डायऑक्साइडसारखा. हिरवाई वाढली असेल तर पारा शोषलाही जास्त जात असणार.

मला सगळ्यात पटतं ते स्पष्टीकरण २०१६ मध्ये यांशू झांग आणि सहकाऱ्यांनी मांडलं. कागदावरच्या हिशेबात दोन गोष्टी नीट धरल्याच नव्हत्या. एक म्हणजे वस्तूंमधला पारा: बॅटऱ्या, रंग, थर्मामीटर, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतले सेल. वस्तू फेकल्यावर, जाळल्यावर हा पारा हवेत जायचा. श्रीमंत देशांत १९७० नंतर त्याचा वापर झपाट्याने कमी झाला. अमेरिकेत घरातल्या भिंतींच्या रंगातून तो १९९० मध्ये हद्दपार झाला. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. कोळशाच्या धुरातला पारा दोन रूपांत असतो. मूलद्रव्य रूपातला पारा महिनोन्‌महिने जगभर फिरतो. ऑक्सिडीकृत पारा पाण्यात विरघळतो आणि जवळपासच उतरतो. आम्लवर्षा रोखण्यासाठी धुराड्यांवर गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवली, तिने जाताजाता हा विरघळणारा पाराही धुतला. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी बसवलेल्या उत्प्रेरकांनी आणखी पारा विरघळणाऱ्या रूपात आणून ठेवला. ज्या कायद्यांनी हवेतला पारा उतरवला, त्यांतल्या अनेकांना पाऱ्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

एमआयटीतल्या एका गटाने २०२४ मध्ये संगणकीय प्रतिमानं चालवून हाच प्रश्न पुन्हा तपासला. समुद्र किंवा हवामानातले बदल धरून घट जुळेना. उत्सर्जनच कमी झालं असं मानलं तरच आकडे बसले, आणि वहीतला आकडा मात्र अजूनही वाढच दाखवतो. वहीच चुकते आहे, असं मला वाटतं.

गंधकाची ही गोष्ट आपल्या दाराशीही येते. भारताने २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी गंधक आणि पारा या दोन्हींच्या मर्यादा ठरवल्या. गंधक धुणारी यंत्रणा (एफजीडी) बसवायच्या मुदती वारंवार पुढे गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना तिच्यातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, असा एक युक्तिवाद त्यामागे आहे. तो गंधकापुरता खराही असेल. पण सूट मिळालेल्या केंद्रांचा कोळसाही घरोघरी दिवे लावतो आणि त्याच्या धुरातला पारा धुणारी दुसरी सोय आपोआप येत नाही.

वहीतला सर्वांत धूसर आकडा मात्र कोळशाचा नाही, सोन्याचा आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यात, घानात, इंडोनेशियात छोट्या खाणींवरची माणसं चिखलात पारा मिसळतात, सोनं पाऱ्यात उतरतं, मग तो गोळा उघड्यावर तापवून पारा उडवून देतात. वेधशाळेतल्या यंत्रात सोनं पारा पकडतं, इथे पारा सोनं पकडतो. रसायन तेच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१५ मध्ये माणसाने हवेत सोडलेल्या सुमारे २,२२० टन पाऱ्यापैकी ३८ टक्के या खाणींतून आला. हा अंदाजच आहे. बेकायदा खाण पावती देत नाही आणि दीर्घकाळ मोजणारी ठाणी या जंगलांपासून फार दूर आहेत.

मिनामाता कराराने बॅटऱ्यांना, दिव्यांना, थर्मामीटरना मुदती घालून दिल्या. सोन्याच्या छोट्या खाणींबाबत त्यात ‘कमी करा, शक्य तिथे बंद करा’ एवढंच आहे, तारीख नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलरचा भाव ओलांडला.