सशाची किंकाळी आणि कॅन्ससचा कायदा

डॉज सिटी (कॅन्सस), फेब्रुवारी

पश्चिम कॅन्ससच्या माळावर सध्या गाई विण्याचा हंगाम आहे, आणि त्याच कुरणांच्या कडेनं कायोटींच्या जोड्या जमत आहेत. कायोटी हा आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून बराच लहान प्राणी. वजन साधारण बारा-पंधरा किलो. या माळावरचे लांडगे माणसानं केव्हाच संपवले. कायोटी मात्र संपला नाही. मोकळ्या झालेल्या मुलखात तो पसरत गेला, अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आणि शिकागोसारख्या महानगरातही राहू लागला. इथल्या पशुपालकाला तो नवजात वासराच्या आसपास घुटमळताना दिसला की घरातली रायफल बाहेर निघते. तिच्याबरोबर आणखी एक वस्तू निघते : कर्णा बसवलेला, एका हातात मावणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्याचा रिमोट. शिकारी त्याला ई-कॉलर म्हणतात. डबा गवतात ठेवायचा, आपण लांब जाऊन बसायचं आणि रिमोटवरून सशाची किंकाळी वाजवायची. ती ऐकून कायोटी स्वतःहून चालत येतो.

हे यंत्र मांडायचं कसं आणि चालवायचं कसं, ते मी इथल्या एका पशुपालकाबरोबर बसून पाहिलं. ते समजून घेताना अमेरिकेचा आपल्या वन्यजीवांशी असलेला व्यवहारही उलगडतो. यंत्र एकच असलं, तरी ते कोणत्या प्राण्यासाठी वाजवलं यावर इथे ते कायदेशीर ठरतं किंवा गुन्हा ठरतो.

आवाज काढून जनावर बोलावण्याची विद्या जुनीच आहे. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी गेल्या शतकात तोंडानं फुंकायच्या शिट्ट्यांना बाजारपेठ मिळवून दिली. त्याच राज्यात, वेको शहरात, जॉनी स्टुअर्ट यांनी प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकल्या. तेव्हा शिकारी रेकॉर्ड प्लेअर घेऊन रानात जात. पुढे कॅसेट आली, मग डिजिटल चिप आली. आज पेनसिल्व्हेनियातल्या लुइसटाउनची फॉक्सप्रो कंपनी शिकाऱ्यांच्या तोंडी असते, आणि तिच्या यंत्रांसाठी शेकडो आवाज उपलब्ध आहेत. ससे, उंदीर, पाखरं, हरणाचं पाडस, कायोटीची पिल्लं, त्यांची भांडणं, त्यांचं प्रियाराधन असं सगळं त्यात सापडतं. यातले कितीतरी आवाज खऱ्या जनावरांचे आहेत.

माळावर पाऊल टाकण्याआधी परवानगी लागते. कॅन्ससमधली जवळजवळ सगळी जमीन खासगी मालकीची आहे, आणि पाटी असो वा नसो, मालकाला विचारल्याशिवाय शिकारीसाठी आत जाता येत नाही. कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग फासलेला असेल, तर मालकाची लेखी परवानगी हवी. ज्यांची ओळखपाळख नाही अशांसाठी राज्य सरकार १९९५ पासून शेतकऱ्यांकडून शिकारीचे हक्क भाड्यानं घेतं आणि ती कुरणं सर्वांना खुली करतं. मी ज्यांच्याबरोबर गेले, त्यांची जमीन स्वतःचीच होती. शेजारच्या कुरणात गाई कोणत्या बाजूला आहेत, हे त्यांनी तरीही आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतलं.

यंत्राची पहिली तपासणी पिकअपजवळच होते. आवाज शून्यावर ठेवून डबा चालू करायचा, मग रिमोट चालू करायचा, दोघांची जोडणी झाली का ते पाहायचं आणि अगदी हळू आवाजात एकदा वाजवून घ्यायचं. हे राहून गेलं आणि माळावर बटण दाबल्याबरोबर यंत्र पूर्ण आवाजात किंचाळलं, तर जवळपासचा कायोटी पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून बरेच जण लिथियमच्या वापरतात. पिकअप टेकाडाआड उभी करायची, दार आपटायचं नाही, बोलायचं नाही आणि वाऱ्याच्या तोंडावर चालत जायचं.

खरी करामत वारा ओळखण्यात आहे. कायोटी आवाजाच्या रोखानं सरळ येतो असं नाही. शेवटच्या टप्प्यात तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे आवाज करणाऱ्याचा वास त्याच्या नाकाशी येतो. सगळी मांडणी या एका सवयीवर बेतलेली असते. आमच्या यजमानांनी खिशातून बिनवासाच्या पावडरची छोटी बाटली काढून दाबली. पांढरा ढग डावीकडून उजवीकडे सरकला. मग ते डाव्या अंगानं पुढे साठ-सत्तर पावलं चालत गेले आणि ई-कॉलर त्यांनी कुंपणाच्या एका आडव्या झालेल्या खांबावर ठेवला. जमिनीवर ठेवला की गवत आणि उंचवटे रिमोटच्या लहरी अडवतात. हातभर उंचीनंही पल्ला बराच वाढतो. शेजारी त्यांनी नकली शेपूट खोचली. छोट्या मोटरवर फडफडणारा हा केसाळ झुपका कायोटीची नजर स्वतःकडे खेचून घेतो, आणि बसलेल्या माणसाकडे त्याचं लक्ष जात नाही. आता डब्याचा वास घ्यायचा तर कायोटीला उजवीकडे यावं लागणार होतं. तिथे उघडं मैदान होतं, आणि माणसाचा वास ज्या पट्ट्यातून वाहत होता तो पट्टा ओलांडण्याआधीच तो रायफलीसमोर आला असता.

बसायची जागा झुडपाच्या पुढे. झुडूप पाठीशी असलं की माणसाची आकृती त्यात विरून जाते. ऊन पाठीवर, रायफल तिकाटण्यावर, रिमोट गुडघ्याशी. रिमोट शरीराआड दाबून धरायचा नाही, त्याचा अँटेना हातानं झाकायचा नाही आणि पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवायचा. बोट हललं तरी चालेल, कोपर हलता कामा नये.

आवाजांचाही क्रम असतो. सुरुवातीला रानउंदराची चीं-चीं अगदी बारीक आवाजात, कारण कायोटी शंभर पावलांवरच्या घळीत झोपलेला असू शकतो. दोनेक मिनिटांनी सशाची किंकाळी, आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. वारा जोराचा असेल तर आवाज लांब जात नाही, मग तो आणखी चढवायचा. मध्ये थांबायचं. ही शांतता फार उपयोगी पडते, कारण खरा ससा सलग वीस मिनिटं ओरडत नाही. सध्या जोड्या जमण्याचे दिवस असल्यामुळे मादीची एकच लांब हाळी ठेवून द्यायची आणि पाहत राहायचं. कायोटी दिसला आणि तो येतोय असं वाटलं, तर आवाज बदलायचा नाही. फक्त उतरवत न्यायचा. नेमक्या जागी त्याला थांबवण्यासाठी शिकारी तोंडानंच एक छोटं भुंकणं काढतात. तो क्षणभर उभा राहतो, आणि नेम तेव्हाच धरायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांत कुणी आलं नाही, तर डबा उचलून पुढच्या जागी जायचं. रानमांजरासाठी मात्र दुप्पट वेळ बसावं लागतं. ते दबकत येतं.

या आवाजाला फक्त कायोटी येतो असं नाही, आणि शिकाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. मोठं शिंगी घुबड नकली शेपटीवर झडप घालतं. घुबडं, ससाणे यांना इथे केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. पश्चिम कॅन्ससमध्ये स्विफ्ट फॉक्स नावाचा मांजराएवढा कोल्हा राहतो. तोही सशाच्या आवाजाला धावतो, आणि संधिप्रकाशात अंतराचा अंदाज चुकला तर कायोटीसारखा भासू शकतो. शेतावरचा कुत्रा येतो. कधी तोच आवाज खरा मानून दुसरा शिकारी येतो. आमच्या यजमानांचा नियम असा होता : प्राणी पूर्ण ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे माती आहे हे दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. त्या सकाळी एक कायोटी टेकाडाच्या माथ्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे नुसतं आकाश होतं आणि आकाशापलीकडे शेजाऱ्याची कुरणं. गोळी सुटली नाही. त्यानं वाऱ्यावर नाक धरलं आणि तो वळून गेला. यजमानांनी यंत्र बंद केलं आणि ते डबा आणायला उठले.

आता कायदा. हाच डबा बदकांसाठी वाजवला तर तो केंद्रीय गुन्हा आहे. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित किंवा विजेवर वाढवलेला आवाज वापरायला बंदी आहे. तोंडानं फुंकायची शिट्टी चालते. या नियमांच्या मुळाशी १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्याच्या चारच वर्षं आधी, १९१४ मध्ये, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचं पॅसेंजर कबुतर मेलं होतं. एके काळी ज्या पाखरांचे थवे आभाळ झाकून टाकत, ती माणसानं पाहता पाहता संपवली होती. त्या धक्क्यातून या देशानं शिकाऱ्याचे हात बांधायला सुरुवात केली. कॅन्ससमध्ये हरणासाठी आणि टर्कीसाठीही विजेवर चालणारा कॉल चालत नाही.

याला एक बोलका अपवाद आहे, तो हिमहंसाचा. दक्षिणेकडच्या शेतांत पडलेल्या धान्यावर पोसून हे हंस इतके वाढले की उन्हाळ्यात हडसन उपसागराच्या काठचा टुंड्रा ते मुळापासून खरवडून काढू लागले. तेव्हा १९९९ मध्ये काँग्रेसनं कायदा केला, आणि हिवाळी हंगाम संपल्यावरच्या खास मोहिमेत या हंसांसाठी ई-कॉलरला मुभा मिळाली. आधी मोजणी झाली, नुकसान सिद्ध झालं आणि मगच, ठरावीक काळापुरती, बंदी उठली.

कायोटीच्या बाबतीत असा हिशेब कधी मांडला गेला नाही. कॅन्ससमध्ये त्याला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात वेगळा परवाना काढून रात्री थर्मल दुर्बिणीनंही त्याची शिकार करता येते. केंद्रीय कृषी खात्याची वन्यजीव सेवा स्वतः दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. तरी कायोटी कमी झालेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये गणित मांडून दाखवलं की दरवर्षी पाऊणशे टक्के कायोटी मारले, तरी ती जात संपायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. मारले की उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, जास्त माद्या वितात आणि जास्त पिल्लं जगतात.

पशुपालकाचं दुःख खोटं नाही. वासरू हे त्याचं वर्षाचं उत्पन्न आहे, आणि विणाऱ्या गाईजवळ घिरट्या घालणारी जोडी त्यानं त्याच कुरणात, त्याच आठवड्यात, नेमकी ओळखून मारली, तर मला त्यात गैर वाटत नाही. ई-कॉलर त्या कामाला योग्यच आहे. विषापेक्षा तो कितीतरी बरा, कारण विषाला घुबड आणि कोल्हा यांतला फरक कळत नाही. केंद्र सरकारच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्याला १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून आळा घातला, तो याच कारणानं. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षाचा.

पण वासराशी संबंध नसलेली हत्याही याच यंत्रावर चालते. कोण जास्त कायोटी मारतो याच्या बक्षिसी स्पर्धा भरतात. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये त्यांची बक्षिसं बंद केली, २०१८ मध्ये व्हरमाँटनं स्पर्धांवरच बंदी आणली, पुढे न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो, न्यू यॉर्क अशी राज्यं त्या वाटेनं गेली. कॅन्सस गेलेलं नाही. पूर्वी हिवाळी कातडीला तरी भाव होता. कॅनडा गूस या कोट बनवणाऱ्या कंपनीनं २०२१ मध्ये फर घेणं थांबवलं आणि तो भावही कोसळला. एप्रिल-मेमध्ये तर बिळात पिल्लं असतात. त्या दिवसांत पिल्लाचा आर्त आवाज वाजवला की आई हमखास येते. ती मेली की बिळातली पिल्लं भुकेनं मरतात.

आपल्याकडे याच तंत्राचा उलटा उपयोग होतो. विदर्भातले शेतकरी रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री वाघाच्या डरकाळीचे, कुत्र्यांच्या भुंकण्याचे आवाज कर्ण्यावर लावतात. तिथे आवाज जनावराला हुसकावतो, इथे बोलावतो. दोन्हीकडे तो जनावराच्या सर्वांत खोल गरजेला, भुकेला आणि भीतीला, हात घालतो. अशी ताकद ज्याच्या हातात आहे त्याच्यावर नियम हवेत, आणि ते प्राण्याच्या बाजारभावावरून ठरू नयेत.

हिमहंसांच्या बाबतीत या देशानं जी शिस्त पाळली, तीच कायोटीला लागू करावी एवढंच मागणं आहे : नुकसान दाखवा, जागा आणि काळ ठरवा, मग यंत्र वाजवा. पिल्लांच्या महिन्यांत फक्त ज्याचं जनावर मारलं गेलं त्याला मुभा असावी, आणि स्पर्धा बंद व्हाव्यात. कॅन्ससच्या वन्यजीव आयोगाच्या सभांत सामान्य नागरिकाला बोलता येतं. ही मागणी शहरातल्या प्राणिप्रेमींनी मांडली तर ती परक्यांची ठरेल. माथ्यावरच्या कायोटीवर गोळी न झाडणाऱ्या पशुपालकानं ती मांडली, तर आयोगाला ती ऐकावी लागेल. तसे पशुपालक या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांनी आता बोलायला हवं.