रॉबिन्सन हें आडनांव

डॅनिअल डीफो ह्या ग्रंथकारानें इ. स. १७१९ मध्यें लिहिलेली रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. निर्जन बेटावर अठ्ठावीस वर्षें काढणाऱ्या ह्या खलाशाचें 'रॉबिन्सन' हें नांव व 'क्रूसो' हें आडनांव, असें आपण धरून चालतों. परंतु गोष्टीच्या आरंभींच निराळा मजकूर आहे. नायकाचा बाप जर्मनींतील ब्रेमेन शहरचा. त्याचें आडनांव क्रॉइट्झनेर. तो इंग्लंडांत हल बंदरीं येऊन व्यापार करूं लागला व पुढें यॉर्क येथें राहिला. तेथील रॉबिन्सन घराण्यांतील मुलीशीं त्यानें लग्न केलें, आणि मुलास आजोळचें आडनांव हेंच नांव म्हणून ठेविलें. क्रॉइट्झनेरचें इंग्रजांच्या तोंडीं क्रूसो झालें. म्हणजे आपण ज्यास नांव समजतों तें मूळचें आडनांव. आणि त्या आडनांवाचा अर्थ पाहूं गेल्यास 'रॉबिनचा मुलगा' असा आहे! आईकडून आलेलें, पण अर्थानें बापाचें, असें हें आडनांव कसें बनलें तें पाहण्यासारखें आहे.

रॉबिन हें रॉबर्ट ह्या नांवाचें लाडकें रूप होय. रॉबर्ट हा जुन्या जर्मानिक भाषेंतील सामासिक शब्द आहे. त्याच्या पूर्वपदाचा अर्थ कीर्ति, व उत्तरपदाचा अर्थ तेजस्वी. 'ब्राइट' हा इंग्रजी शब्द ह्या उत्तरपदाचाच भाऊबंद, आणि आपल्या संस्कृतांतील 'भ्राज्' म्हणजे चकाकणें हा धातुही त्याच कुळांतला. इंग्लंडांत हें नांव रूढ केलें तें नॉर्मन लोकांनीं. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें तें राज्य जिंकलें. त्याच्या बापाचें नांव रॉबर्ट, व थोरल्या मुलाचेंही रॉबर्टच. त्यापूर्वी इंग्लंडांत गॉडविन, लिऑफ्रिक, ईथेलरेड अशीं नांवें चालत. नवे जमीनदार आले तसे त्यांचीं नांवेंही आलीं, आणि कांहीं पिढ्यांत शेतकऱ्यांच्या घरींही विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड हींच नांवें ठेवूं लागले. जेत्यांच्या नांवांचा असा मोह पडणें आपल्याकडेही नवें नाहीं.

परंतु दरबारी नांव कुळवाड्याच्या घरांत आलें म्हणजे तें दरबारी राहत नाहीं. आपण विठ्ठलाचा विठू व दामोदराचा दामू करतों, तसे इंग्रजांनीं रॉबर्टचे रॉब, हॉब, डॉब व नॉब केले, आणि फ्रेंचांच्या लघुत्वदर्शक प्रत्ययानें रॉबिन केला. हें रूप इतकें लोकप्रिय झालें कीं तांबड्या छातीच्या एका लहानशा पक्ष्यासही तेंच नांव मिळालें. चौदाव्या शतकांतील लँगलंड कवीनें तर आपल्या काव्यांत एक आळशी पाद्री रंगविला आहे. त्याला प्रभूची प्रार्थना धड पाठ येत नाहीं, पण रॉबिन हूडचीं गाणीं मात्र येतात! ह्या घरगुती रूपांपासून पुढें आडनांवांचें केवढें गणगोत वाढलें पाहा: रॉबर्ट्स, रॉबर्टसन, रॉबसन, रॉबिन्सन, डॉबसन, हॉबसन, हॉपकिन्स, हॉपकिन्सन. वरवर पाहतां ह्यांचा परस्परांशीं कांहींएक संबंध दिसत नाहीं. पण सर्वांचा मूळ पुरुष रॉबर्टच.

आतां 'सन' ह्या उत्तरार्धाकडे वळूं. वेदांतील 'सूनु' म्हणजे पुत्र, तोच हा शब्द. तो जोडून आडनांव करण्याची चाल विशेषेंकरून उत्तर इंग्लंडांतली. त्या भागांत नवव्या शतकापासून डेन लोकांनीं वस्ती केली होती व बापाच्या नांवास 'सन' जोडण्याची त्यांची रीत होती. त्यामुळें ह्या चालीस जोर आला, असें पुष्कळ विद्वान् मानतात. दक्षिणेकडे नुसता 'स्' लावून रॉबिन्स, रॉबर्ट्स असें म्हणत. वेल्समध्यें 'आप' हा पुत्रवाचक शब्द आधीं येतो. म्हणून 'आप रॉबर्ट'चें प्रोबर्ट झालें व 'आप रॉबिन'चें प्रोबिन. यॉर्कच्या मुलीचें आडनांव रॉबिन्सन ठेवण्यांत डीफोनें प्रांत अचूक साधला आहे.

आरंभीं ह्या शब्दांत शब्दशः सत्य होतें. रॉबिनचा मुलगा जॉन, म्हणून तो जॉन रॉबिन्सन. परंतु जॉनचा मुलगा विल्यम हा विल्यम जॉन्सन व्हावयाचा. आपल्या नांवांत मधला शब्द बापाचा असतो व तो दर पिढीस बदलतो, तसेंच हें होतें. आइसलंडांत अजूनही तीच चाल आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांस तेवढें पुरे होई, सरकारास पुरेना. कुळाची जमीन बापामागें कोणाच्या नांवें चढवावयाची, कर कोणापासून घ्यावयाचा, ह्यासाठीं कायमचें नांव सोईचें पडे. इ. स. १३७७, १३७९ व १३८१ ह्या तीन सालीं इंग्लंडांत डोईपट्टी बसली. पहिली माणशीं ४ पेनींची होती, शेवटची १२ पेनींची, आणि ह्या शेवटच्या पट्टीनें शेतकऱ्यांचें मोठें बंड उसळलें. ज्या याद्यांपायीं हें बंड झालें, त्याच याद्यांत गरिबांचीं नांवें प्रथमच हजारोंनीं लिहिलीं गेलीं. पुढें १५३८ मध्यें टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें प्रत्येक देवळांत बाप्तिस्मा, लग्न व दफन ह्यांची नोंदवही सुरू झाली, व आडनांवें बहुधा पक्कीं झालीं.

ह्या याद्यांतील एका गोष्टीची मात्र चुटपुट लागते. यॉर्कशरच्या १३७९ च्या यादींत कित्येक मुलींच्या नांवापुढें बापाचें नांव देऊन 'डॉटर' म्हणजे कन्या असें लिहिलेलें आढळतें. 'सन' टिकलें, 'डॉटर' लोपलें. रॉबिनच्या घराण्यांतील मुलगी पिढ्यान् पिढ्या स्वतःस रॉबिनचा मुलगा म्हणवूं लागली, आणि त्यांत कोणास विपरीत वाटलें नाहीं.

पुढें हें नांव समुद्रापलीकडे गेलें. १६२० मध्यें 'मेफ्लॉवर' जहाजानें जे धर्मनिष्ठ लोक अमेरिकेस गेले, त्यांचा पाळक जॉन रॉबिन्सन हा होता. मंडळींतील बरेच लोक हॉलंडांतील लायडन शहरींच मागें राहिले होते. त्यांच्याजवळ तो राहिला, व अमेरिका न पाहतांच १६२५ मध्यें तेथें वारला. त्याच अमेरिकेंत गुलामगिरींतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांतही हें आडनांव पसरलें. १९४७ मध्यें तेथील बेसबॉल खेळांतील वर्णभेदाची भिंत ज्यानें फोडली, तो जॅकी रॉबिन्सन गुलामाचा नातू होता. ज्यांच्या रक्तांत कोणी इंग्रज रॉबिन नव्हता अशांनीं हें नांव चालविलें, व त्यास मान मिळवून दिला.

आपला क्रूसो बेटावर एकटा असतां त्यानें एक पोपट पाळला व त्यास आपलें नांव बोलावयास शिकविलें. पोपट त्याला हांक मारतो ती 'रॉबिन' अशी.